आखूड स्प्रिंगा, जुळलेला संच की कॉइलओव्हर: सस्पेन्शन बदलण्याआधी

गाडी थोडी खाली बसवायची आणि वळणावर तिचं कलणं कमी करायचं, एवढं एकदा ठरलं की समोर तीन वाटा असतात. मूळ शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे तेलाचे दट्टे) तसेच ठेवून फक्त आखूड स्प्रिंगा टाकणं ही पहिली. आखूड स्प्रिंगा आणि त्यांच्या ताकदीला जुळणारे नवे शॉक असा पूर्ण संच घेणं ही दुसरी. तिसरी कॉइलओव्हरची: शॉकच्या नळीवर बाहेरून आटे, आट्यांवर फिरणारी कडी, कडीवर बसलेली स्प्रिंग. कडी फिरवली की गाडी वरखाली होते, आणि बऱ्याच किटमध्ये शॉकचा कडकपणा बदलायला नॉबही असतो.

रचना म्हणून यात नवं काही नाही. स्प्रिंग शॉकभोवती बसवलेला मॅकफर्सन स्ट्रट फोर्डने 1950 मध्ये कॉन्सल आणि झेफरमध्ये आणला, आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तोच असतो. कॉइलओव्हरमध्ये जास्तीची मिळते ती जुळवणीची मुभा. म्हणून निवडीआधी माझा पहिला प्रश्न हाच असतो की ही मुभा तुम्ही खरंच वापरणार आहात का? मोजपट्टी घेऊन चाकाशी बसायची, नोंदी ठेवायची, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) पुन्हा करून घ्यायची तयारी नसेल, तर दुसरी वाट जवळजवळ नेहमीच जास्त चांगली गाडी हातात देते.

फक्त स्प्रिंगा

अशा स्प्रिंगा साधारण 25 ते 40 मिमी गाडी खाली आणतात आणि मूळ स्प्रिंगांपेक्षा थोड्या ताठ असतात. पैसे कमी लागतात, काम एका दिवसात होतं, रबराचे मूळ टॉपमाउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला जोडणारे भाग) राहिल्यामुळे आवाजही वाढत नाही. अडचण शॉकची आहे. तो मऊ स्प्रिंग आवरण्यासाठी बनवलेला असतो. ताठ स्प्रिंग दबल्यावर जोरात उसळते आणि शॉकला तेवढा परतीचा रोध देता येत नाही, त्यामुळे उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकदा बसते आणि पुन्हा एकदा डुलते. शिवाय गाडी 30 मिमी खाली आली म्हणजे शॉकचा दांडा कायम 30 मिमी आत गेलेला असतो आणि बंपस्टॉप (दबण्याच्या शेवटी लागणारा रबरी अडसर) तेवढाच जवळ येतो. खड्ड्यात जो कडक फटका जाणवतो, तो पुष्कळदा स्प्रिंगचा नसून बंपस्टॉपचा असतो. शॉक चांगल्या अवस्थेत असतील आणि 25 मिमीच्या आसपास समाधान असेल, तर ही वाट चालेल. शॉक आधीच थकलेले असतील तर मुळीच नको.

जुळलेला संच

इथे स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी बनलेले असतात आणि कोणीतरी ते तुमच्याच मॉडेलवर चालवून बघितलेले असतात. नॉब नाही, कडी नाही, बिघडवण्यासारखं काही नाही. उंची ठरलेली असते हा त्याचा तोटा आणि तीच त्याची ताकदही. रोजच्या वापराच्या, कुटुंबासह लांब जाणाऱ्या गाडीसाठी मी हेच सुचवतो. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण बसवल्यावर त्याच्याकडे बघावंच लागत नाही.

कॉइलओव्हर: आतले फरक

‘कॉइलओव्हर’ या एका नावाखाली बरेच वेगळे माल विकले जातात. सर्वांत खालच्या पायरीवर, मूळ शॉकवर सरकवायची आट्यांची नळी आणि त्यावर आखूड स्प्रिंग. हिच्यात पहिल्या वाटेचे सगळे दोष आहेत, वर नळी आणि शॉक यांच्यातली खडखड. ती सोडून द्या.

त्यापुढे उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत फक्त स्प्रिंगखालची कडी फिरते. दुसरीत शॉकची पूर्ण नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरते, म्हणजे स्प्रिंगला हात न लावता उंची बदलते. पहिल्या प्रकारात गाडी जितकी खाली, तितका शॉकचा दबायचा मार्ग कमी. शिवाय फार खाली आणली तर चाक लोंबकळल्यावर स्प्रिंग सैल पडून बैठकीवरून सुटू शकते. म्हणूनच काही किटमध्ये वर एक छोटी मऊ मदतनीस स्प्रिंग देतात. दुसऱ्या प्रकारात शॉकचा मार्ग शाबूत राहतो. मात्र टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखंच घटतं.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थांबायलाच हवं. कडी वर चढवून स्प्रिंग आवळली की सस्पेन्शन ताठ होतं, असं पुष्कळजण मानतात. एका चाकावर 300 किलो वजन येत असेल आणि स्प्रिंग 6 किलो प्रति मिमीची असेल, तर ती 50 मिमी दबून ते वजन पेलते. कडी 5 मिमी वर नेली तरी वजन तेच, म्हणून दबणंही 50 मिमीच. फक्त गाडी 5 मिमी वर येते. ताठपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

स्प्रिंगचा आकडा वाचताना ती गाडीला कुठे बसते हेही बघा. मॅकफर्सन स्ट्रटवर स्प्रिंगची हालचाल जवळजवळ चाकाइतकीच, सुमारे 0.95 पट, असते. मागे मात्र बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग शॉकपासून वेगळी, आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) मधोमध कुठेतरी बसते. चाक 10 मिमी हललं की स्प्रिंग 6 मिमी हलते असं धरलं, तर चाकाला जाणवणारा ताठपणा 0.6 च्या वर्गाने, म्हणजे 0.36 पट होतो. तीच 6 किलोची स्प्रिंग पुढे सुमारे 5.4 किलोची वाटते आणि मागे जेमतेम 2.2 ची. पुढच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन 300 किलो असेल तर तिथली डुलण्याची वारंवारता (सेकंदाला किती हेलकावे) साधारण 2.1 हर्ट्‌झ येते. आरामशीर गाड्या 1 ते 1.5 मध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या 1.5 ते 2 मध्ये, आणि 2 च्या पुढे ट्रॅकचा प्रदेश सुरू होतो. म्हणून ‘पुढे-मागे सहा किलो’ एवढं ऐकून गाडी कशी चालेल हे सांगताच येत नाही.

शॉकच्या आतल्या रचनेत दुहेरी नळी आणि एकेरी नळी असा फरक असतो. एकेरी नळीत दाबाखालचा वायू तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे तेलात फेस होत नाही, आणि उष्णता थेट बाहेरच्या भिंतीतून जाते. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्याला हे हवंच. पण त्याच भिंतीला आतून पिस्टन घासत असतो, त्यामुळे दगड लागून एक पोचा पडला तरी शॉक बाद. खराब रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत चांगली दुहेरी नळी कमी प्रतीची आहे असं मी मानत नाही.

वरच्या टोकाला रबर की धातूचा गोळीजोड, हाही निर्णय असतो. गोळीजोडाने स्टिअरिंग नेमकं होतं आणि केबिनमध्ये प्रत्येक खडा ऐकू येतो. रोजच्या गाडीला रबर घ्या.

बसवण्यातला फरक

पहिल्या वाटेत, आणि दुसऱ्या वाटेतही मूळ टॉपमाउंट वापरायचा असेल तर, स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जबर जखमी होऊ शकतो. सराव नसेल तर ते काम सोडा. कॉइलओव्हर बऱ्याचदा जोडलेलेच येतात, त्यामुळे बसवणं उलट सोपं पडतं. बाकी काळजी सारखीच. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. ब्रेकचा कॅलिपर होजला लोंबकळू द्यायचा नाही, एबीएसची वायर आधी मोकळी करायची. दांड्याचा वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळू नये: दांडा आत गरगर फिरतो आणि सील खराब होतं. ॲलन कीने दांडा धरून हातपान्याने आवळा, शेवट टॉर्क रेंचने. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवेच.

पुष्कळ गॅरेजांत चुकणारी एक गोष्ट आहे. आर्मच्या सांध्यातले रबर बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात, ते फिरत नाहीत, पिळतात. गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर टेकल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. उंची खोटी दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. हे बोल्ट आधी नुसते बसवायचे आणि चाकांवर वजन आल्यावरच आवळायचे. कॉइलओव्हरमध्ये उंची नंतर बरीच बदलली, तर ते पुन्हा सैल करून पुन्हा आवळावे लागतात. किट विकताना हा भाग क्वचितच सांगितला जातो.

जुळवणी: आधी उंची, मग अलाइनमेंट, शेवटी नॉब

क्रम बदलला की केलेलं काम वाया जातं. उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजली तर टायरचा दाब आणि घासलेला टायरही मोजमापात शिरतात. सपाट जागा, चारही टायरचा दाब बरोबर, टाकी नेहमीइतकी भरलेली, जमलं तर चालकाच्या जागी त्याच्याइतकं वजन. आट्यांची पिच 2 मिमी असेल तर कडीचा एक फेरा म्हणजे 2 मिमी. पण मागे वरच्या 0.6 च्या हिशोबाने तोच फेरा चाकाशी 3 मिमीहून जास्त होतो. बदल केल्यावर गाडी थोडी चालवून आणा आणि मगच पुन्हा मोजा, कारण जॅकवरून उतरलेली गाडी लगेच आपल्या जागी बसत नाही.

किती खाली आणायचं? मॅकफर्सनच्या गाडीत मी लोअर आर्मकडे बघतो. त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जायला लागलं, की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतं. दोघांमधलं अंतर वाढतं आणि त्याच स्प्रिंगांवर गाडी आधीपेक्षा जास्त कलते. टायरॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) कोनही बिघडतो, उंचवट्यावर स्टिअरिंग आपोआप ओढू लागतं. दिसायला झकास आणि चालायला वाईट गाडी इथेच तयार होते. आर्म जवळपास आडवा असताना थांबा.

ट्रॅकवर जाणाऱ्यांनी चार वजनकाट्यांवर गाडी ठेवून कर्णरेषेतलं वजन बघावं. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून एकूण वजनाच्या 50 टक्क्यांच्या जवळ हवं. एक कोपरा वर उचलला की त्याचं आणि त्याच्या तिरक्या जोडीदाराचं वजन वाढतं. डाव्या आणि उजव्या बाजूची बेरीज मात्र कड्या फिरवून बदलत नाही. हे करताना अँटिरोल बारची (दोन्ही बाजूंची चाकं जोडून कलणं रोखणाऱ्या दांड्याची) लिंक सोडलेली असावी, आणि शेवटी ताण न देता जोडावी. ही सोय पहिल्या दोन वाटांत नाही, आणि कॉइलओव्हरच्या बाजूने मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच आहे.

मग अलाइनमेंट. उंची बदलली की टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाक उभ्यातून तिरकं असणं) बदलतातच, आणि टायर सर्वांत जास्त खातो तो चुकीचा टो. हेडलाइटचा रोखही तपासा.

नॉब सर्वांत शेवटी. पूर्ण बंद बाजूला हलक्या हाताने नेऊन तिथून क्लिक मोजा, जोर लावू नका. कंपनीने सांगितलेल्या मधल्या जागेपासून सुरुवात करा. एका वेळी फक्त पुढे किंवा फक्त मागे, दोन-दोन क्लिक, तोच रस्ता, आणि प्रत्येक वेळी नोंद. एकच नॉब असलेल्या बहुतेक किटमध्ये तो मुख्यतः परतीचा रोध बदलतो. उंचवट्यानंतर गाडी डुलत राहिली तर थोडा वाढवा. लागोपाठच्या खड्ड्यांवर गाडी हळूहळू खाली दबत चालल्यासारखी आणि कडक वाटली, तर रोध जास्त झालाय: पुढचा खड्डा येईपर्यंत चाक खाली परतत नाही. आणि लांब, एकसारख्या वळणात गाडीचं नाक बाहेर जात असेल तर नॉबला हात लावू नका. शॉक फक्त हालचाल चालू असताना काम करतो. गाडी एकदा कलून स्थिर झाली की हिशोब स्प्रिंग, अँटिरोल बार आणि टायर यांचा.

दांड्यावर एक बारीक प्लॅस्टिकची टाय सैलसर बांधून नळीशी टेकवा. फेरी मारून आल्यावर ती जिथे सरकलेली असेल, तिथपर्यंत शॉक दबला. ती दरवेळी बंपस्टॉपमध्ये घुसत असेल तर कितीही क्लिक फिरवले तरी उपयोग नाही. गाडी वर घ्या किंवा ताठ स्प्रिंग घ्या.

देखभालीत कॉइलओव्हर सर्वांत मागे आहे हे मान्य करूनच तो घ्यावा. आट्यांत चिखल आणि मीठ साचून कडी जाम होते, मग उंची बदलण्यासाठी घेतलेली वस्तू एकाच उंचीवर अडकून बसते. ब्रशने आटे साफ करणं, जाम न होण्याचं वंगण लावणं, लॉकची कडी घट्ट आहे ना बघणं, हे दर ऋतूला करावं लागतं. बसवल्यानंतर काही शे किलोमीटरांनी सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासायचेच.

ठरवताना विक्रेत्याला क्लिक किती असं विचारू नका. तीस क्लिक असलेल्या शॉकमध्ये शेवटचे वीस एकसारखेच असू शकतात. विचारा: पुढच्या-मागच्या स्प्रिंगचे आकडे काय, शॉकच्या रोधाचा आलेख मिळेल का, उंची कडीवर बदलते की नळीवर, आणि सील गेलं तर शॉक उघडून दुरुस्त होतो का. चारपैकी दोनांची उत्तरं मिळाली नाहीत तर त्याच पैशांत चांगला जुळलेला संच घ्या.