विशाखापट्टणम ते अराकू, किरंदुल पॅसेंजर: काचेचं छत नको, उघडी खिडकी घ्या

नागपूरहून फॅमिलीला घेऊन डोंगरातली ट्रेन करायची म्हटलं का सगळे शिमला नाहीतर दार्जिलिंगच सांगतात, मग दिल्लीपर्यंतचं तिकीट, तिथून पुढचं तिकीट, हॉटेल असा हिशोब मांडायला बसलं का बेत तिथंच थांबतो. त्यासाठीच हे लिहून राहिलो. विशाखापट्टणमहून पूर्व घाट चढून आंध्रातल्या डोंगरातल्या अराकूला जाणारी किरंदुल पॅसेंजर आपल्यासाठी लय सोयीची आहे, कारण नागपूरहून समता एक्सप्रेस थेट विशाखापट्टणमला सोडते, मधात गाडी बदलायचं काम नाही. आम्ही पाच जण, आई, बायको, दोन पोट्टे आणि मी. स्लीपरचं रिझर्वेशन, डब्यात दशम्या, ठेचा, चिवडा आणि पिशवीभर संत्री, त्यामुळे जाताना खाण्यावर खर्च जवळपास नाहीच.

किरंदुल पॅसेंजर सकाळी पावणेसातच्या सुमारास सुटते, म्हणून आदल्या रात्री स्टेशनच्या जवळच रूम घ्या, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोरांना पहाटे ऑटो शोधत फिरवू नका. या गाडीला व्हिस्टाडोम डबा लागतो, 2017 पासून, काचेचं छत, फिरत्या खुर्च्या, एसी. फोटोत एकदम भारी दिसतो आणि ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं, पण माणशी पाचशेच्या वर जातात, म्हणजे पाच जणांचे किती होतात ते बघा, आणि तेही फक्त एका बाजूचे. साध्या स्लीपरला त्याच्या कितीतरी कमी लागतात, आणि जनरलमध्ये तर माणशी शंभरच्या आतच काम होतं. आम्ही स्लीपर घेतलं आणि माझं ठाम मत आहे की पोरं सोबत असतील तर हेच घ्यावं, पैसे वाचतात म्हणून तर आहेच पण खिडकी उघडते म्हणून जास्त. घाटातली हवा तोंडावर लागली नाही, बोगद्यातला गारवा आत आला नाही, तर मग डोंगरात ट्रेनने जायचं कशाला?

पहिला तास-दीड तास सपाटीचा आहे, भातशेती, ताडाची झाडं, डब्यात रोजचे जाणारे-येणारे लोक. कोत्तवलसा सोडल्यावर श्रृंगवरपुकोटापर्यंत बरीच गर्दी उतरून जाते. बोड्डवरा गेलं का गाडी चढाला लागते आणि मग डब्यात कोणी झोपलेलं राहत नाही. अराकूपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, चारेक तास लागतात, आणि या लाईनवर 58 बोगदे आहेत. पोट्ट्यांनी वही काढली आणि बोगदा आला का एक रेघ मारायची असं सुरू केलं. काही बोगदे येतात आणि जातात, काही इतके लांब की अंधारात गाडीचा आवाज भिंतीवर आदळून कानात घुमत राहतो आणि पूर्ण डबा मिळून ओरडतो, आपली पोरं, तेलुगू पोरं, सगळी एका सुरात. मधात एका बोगद्यात भिंतीवरून झिरपणारं पाणी खिडकीच्या गजावर उडालं, धाकट्याच्या गालावर थेंब पडले, तो इतका खूश की पुढच्या प्रत्येक बोगद्यात गाल गजाला लावूनच बसला. बोगद्यातून बाहेर पडलं का एकदम खाली दरी, समोरच्या डोंगरावर आपणच पार केलेली लाईन वळून गेलेली दिसते, लगेच पूल आणि पुन्हा अंधार.

ही लाईन मुळात फिरायला जाणाऱ्यांसाठी बांधलेली नाहीच. 1960 च्या दशकात छत्तीसगडातल्या बैलाडिलाच्या खाणींचं लोहखनिज विशाखापट्टणमच्या बंदरावर आणून जपानला पाठवायचं म्हणून हा घाट फोडला, म्हणूनच इतक्या डोंगरात नॅरोगेज म्हणजे अरुंद रूळ न टाकता ब्रॉडगेज, म्हणजे नेहमीचे रुंद रूळ टाकले. आजही लाल धुळीने माखलेल्या मालगाड्या एकापेक्षा जास्त इंजिनं जोडून उतरताना दिसतात आणि त्या बाजूने जाईपर्यंत क्रॉसिंगला आपली गाडी थांबते. मला वाटते ही गाडी स्वस्त आणि खरी राहिली ती याचमुळे, टुरिस्टसाठी वेगळी सजवलेली टॉय ट्रेन नाही, गावातली माणसं बाजाराच्या टोपल्या घेऊन चढतात आणि आपल्याला सरकून जागा देतात. आईने भिमालगोंदीच्या घाटातून नागपूर-छिंदवाड्याची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, पाहिलेली आहे, ती 2015 ला बंद झाली, आणि आपल्या पोरांना छोटी गाडी म्हणजे नागपूरला मोतीबागच्या रेल्वे म्युझियममध्ये उभी असते तेवढीच माहीत. आई पूर्ण रस्ता त्यांना ते जुनं सांगत होती आणि पोरं ऐकूनही राहिली होती, घरी कधी इतकं ऐकत नाहीत.

अराकूच्या आधी शिमिलीगुडा लागते, समुद्रसपाटीपासून 996 मीटर, बरीच वर्षं देशातल्या सगळ्यात उंच ब्रॉडगेज स्टेशनचा मान याच्याकडे होता. गाडी तिथं जास्त थांबत नाही, पाटीचा फोटो काढायचा तर मोबाईल आधीच हातात ठेवा.

बोर्रा गुहा त्याच्याही आधी येतात. एका दिवसात परत यायचं असेल तर बोर्रालाच उतरा, पण जमत असेल तर एक रात्र अराकूत काढा आणि बोर्रा दुसऱ्या दिवशी उतरताना करा, आम्ही तसंच केलं आणि म्हाताऱ्या माणसाला तेच झेपते. गुहा चुनखडीची, तोंड प्रचंड मोठं, आत पायऱ्या भरपूर आणि ओल्या, आईला अर्ध्यातच बसवलं. बाहेर माकडं आहेत, हातात खायचं काही दिसू देऊ नका. आणि जीप ठरवताना भाव आधीच बोलून घ्या, आम्हाला एकाने सांगितलेला भाव पाठ फिरवल्याबरोबर निम्म्यावर आला. हिंदी सगळीकडे चालून जाते.

अराकूत बांबू चिकन खाल्लंच पाहिजे. मसाला लावलेलं चिकन हिरव्या बांबूच्या नळीत भरतात, तोंड पानांनी बंद करतात आणि निखाऱ्यावर फिरवत राहतात, तेलाचा थेंब नाही. बांबू वरून काळा झाला का पत्रावळीवर ठोकून काढतात, वाफेसोबत बांबूचा कच्चा वास येतो. सावजीवर वाढलेल्या जिभेला तिखट कमी वाटेल, पण मांस इतकं मऊ आणि रसाळ की मी दोनदा मागवलं. भाव वजनावर सांगतात, तोलताना समोर उभे राहा. कॉफी इथल्या आदिवासी शेतकऱ्यांची, अराकूच्या अरेबिका जातीच्या कॉफीला 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रस्त्यावरच्या टपरीवरही चांगली मिळते, आणि पावडर घरी आणायची तर दुकानात चिकोरी मिसळलेली का शुद्ध ते विचारून घ्या.

परत येताना एपीएसआरटीसीची, म्हणजे आंध्रच्या एसटीची बस घेतली. ट्रेनने अंधार पडतो, मग खिडकीतून काय दिसणार, आणि बस अनंतगिरीच्या कॉफीच्या मळ्यांमधून उतरते. फक्त वळणं लय आहेत, पोरांना पोटभर जेवू घालून बसवू नका, लिंबू आणि पिशवी जवळ ठेवा.

शनिवार-रविवार टाळा, रूमचे भाव तेव्हा चढलेले असतात. नोव्हेंबर ते जानेवारी धुकं आणि थंडी दोन्ही मिळते, स्वेटर नागपूरच्या थंडीचेच पुरतात. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडते, समता आणि किरंदुल दोन्हीचं त्याच दिवसांत करून टाका.