हेकरूसाठी काय घ्यायचं: हातदोरी, बॉटमचा रॉड की जिगिंगचा सेट?

मुंबईहून बोटीने बाहेर जाऊन हेकरू (ग्रुपर) गरवायचा विचार चाललाय, आतापर्यंत खडकावरून नाहीतर खाडीत गळ टाकलेत आणि आता नवीन सामान नेमकं कुठलं घ्यावं ते ठरत नाहीये, अशा माणसासाठी हे लिहितोय. व्हिडिओ बघत बसलात तर डोकं अजून फिरतं, एक जण म्हणतो इलेक्ट्रिक रील घे, दुसरा म्हणतो स्लो पिचशिवाय (जिगिंगचा एक प्रकार) मजाच नाही, तिसरा साध्या तंगूसवर (नायलॉनच्या दोरीवर) हा मोठा गोब्रा, म्हणजे हेकरूच, वर काढून दाखवतो. तिघेही आपापल्या समुद्रात बरोबर असतील, पण सामान आपल्या पाण्याप्रमाणे निवडायचं असतं.

तर आधी आपलं पाणी. मुंबईसमोरचा समुद्र फार हळूहळू खोल होतो. इथली कॉन्टिनेंटल शेल्फ जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे, मुंबई हायचे प्लॅटफॉर्म किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर उभे आहेत आणि तिथेसुद्धा पाणी ७५ मीटरच्या आसपासच. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येणारी बोट तुम्हाला जिथे नेईल तिथे खोली २० ते ४० मीटर धरून चाला. दीडशे-दोनशे मीटरसाठी बनवलेलं इलेक्ट्रिक रील यासाठी घेऊच नका, त्या पैशात बाकी सगळं येतं.

खोली कमी असली तरी करंट दांडगा आहे. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि एवढं पाणी आत-बाहेर होताना तळाशी अशी ओढ लागते की हलकं शिसं टेकतच नाही, दोरी तिरकी होऊन बोटीच्या मागे लांब जाते आणि आमिष खडकापासून कुठच्या कुठे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तेच शिसं सरळ खाली उतरतं. त्यात आपलं पाणी गढूळ. किनाऱ्यापासून बरंच बाहेर गेल्यावर थोडं निवळतं, पण केरळात किंवा अंदमानात दिसतं तसं निळं पाणी इथे डोक्यात ठेवून सामान घेऊ नका.

आता मासा. हेकरू खडकाच्या कपारीत, बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात दबा धरून बसतो, आमिष समोर आलं की झडप घालतो, गिळतो आणि लगेच मागे फिरून कपारीत शिरतो. सुरमईसारखा लांब पळत नाही. पहिल्या तीन-चार मीटरमध्ये तुम्ही त्याला वर ओढलात तर तो तुमचा, नाहीतर तो आत जाऊन कल्ले फुलवून अडकून बसतो आणि लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, खडकावर घासून तुटतो. म्हणून रीलमध्ये पाचशे मीटर दोरी मावते का हा प्रश्न इथे बाद, अडीचशे-तीनशे मीटर भरपूर झाली. प्रश्न एकच, पहिल्या दणक्याला हे सामान माशाला थांबवतं का.

हातदोरीपासून सुरुवात करू कारण तिला लोक उगाच कमी लेखतात. ८०-१०० पाउंडाचा जाड तंगूस, खाली शिसं, एक-दोन गळ, आणि सगळं एका चक्रीवर गुंडाळलेलं. खर्च काहीशे रुपये. कोळीवाड्यातले जाणते तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) आजही हेकरूला हीच दोरी लावतात आणि त्याला कारण आहे, हातात ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रीलमधला ब्रेक) नावाचा प्रकार नसल्याने दोरी सुटायचा प्रश्न नाही, मासा लागला की धरून सरळ वर. तळ बोटांना कळतो, खडक आहे की वाळू की चिखल हे समजतं. तोटे पण खरे आहेत. १०० पाउंडाचा तंगूस साधारण एक मिलीमीटर जाड असतो, करंटमध्ये त्याच्यावर पाण्याचा जोर जास्त पडतो, त्यामुळे शिसं दुप्पट लावावं लागतं, उधाणाला तर अर्धा किलोही कमी पडतो. तंगूस ताणतोही भरपूर, म्हणून ३०-४० मीटरवर झटका देऊन गळ बसवायचा तर हात चांगला लांब खेचावा लागतो. आणि हातमोजे घालाच. दोरी हाताला गुंडाळून कधीही धरू नका, मोठा मासा खाली गेला तर बोटं कापली जातात.

बॉटमचा रॉड म्हणजे सहा-साडेसहा फुटाचा, ३०-५० पाउंड क्लासचा, खालच्या अर्ध्यात कणखर असलेला रॉड, त्यावर ब्रेड, म्हणजे विणलेली बारीक दोरी, आणि आमिष. माझं मत आधीच सांगून टाकतो, मुंबईतून पहिल्यांदा जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. गढूळ पाण्यात हेकरू वासावर आणि हालचालीवर येतो, आणि ताजा बांगडा किंवा अख्खी माकूल जे काम करते ते जिगकडून दर वेळी होत नाही. शिवाय ब्रेड बारीक असतो, पीई हा त्याच्या जाडीचा आकडा, पीई ४ म्हणजे फक्त ०.३३ मिलीमीटर, म्हणजे हातदोरीच्या एक तृतीयांश जाडी, तेव्हा त्याच करंटमध्ये खूप कमी शिशात तळ गाठता येतो. ब्रेड ताणत नसल्याने टोचणी लगेच कळते.

आमिषाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे फरक पडतो. पहाटे ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून घ्या, कडक, चकचकीत डोळ्याचा बांगडा, बर्फात ठेवा, पाण्यात भिजू देऊ नका. बांगड्याची लांब पट्टी चामडीसकट कापून एका टोकाला गळ, म्हणजे पाण्यात फडफडते. तारलीचा वास उत्तम पण गळावर टिकत नाही, बोंबील तर विसराच. माकूल सगळ्यात चिवट, बारके मासे टोचून टोचून थकतात तरी ती जागेवर असते, म्हणून शंका असेल तर माकूल. जिवंत छोटा मासा मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही, मोठा हेकरू त्यालाच येतो. आमिषाचा त्रास एकच, शिंगाळा आणि वाम पण येतात, आणि शिंगाळ्याचा काटा लागला तर पुढचा दिवस गेला. पक्कड हाताशी ठेवा.

जिगिंगची गोष्ट वेगळी. यात आमिषाचा पसारा नाही, शंभर-दीडशे ग्रॅमचा धातूचा जिग तळाला टेकवायचा आणि रॉड-रीलच्या लयीत उचलत-सोडत राहायचं, स्लो पिचमध्ये तो आडवा होऊन पानासारखा हेलकावत खाली येतो आणि बहुतेक वेळा मासा त्याच उतरणीवर लागतो. अंदाज असा की दर मीटर खोलीला अडीच-तीन ग्रॅम, ४० मीटरला १००-१२० ग्रॅम, करंट वाढला की २०० पर्यंत. फायदा म्हणजे बोट वाहती ठेवून भरपूर खडक तपासता येतो, आणि शिंगाळे जवळपास नाहीत. लागला तर हेकरू, तांबोशी, ट्रेव्हली, वरच्या पाण्यात नशीब असेल तर सुरमई. खरं सांगतो, जिगवर हेकरू लागतो तेव्हा जो दणका बसतो त्याची सर कशाला नाही. पण गढूळ पाणी असेल तर जिग दिसायला हवा, चमकणारा ग्लो रंग घेतला तरी आमिषापेक्षा मागे पडतो. उधाणाच्या करंटमध्ये जिग तिरका जातो, लय बिघडते, दर थोड्या वेळाने खडकात अडकतो आणि प्रत्येक अडकलेला जिग म्हणजे काहीशे रुपये गेले. शिवाय अस्सल स्लो पिचचा रॉड फार नाजूक, तो जिग नाचवायला असतो, मासा रीलने काढायचा. कपारीकडे निघालेल्या हेकरूला असा बारीक रॉड उभा करून अडवायला गेलात तर रॉड मोडेल. हेकरूसाठी जिगिंग करायचंच असेल तर थोडा जाडा, २५० ग्रॅमपर्यंत झेपणारा, पीई ३-५ लिहिलेला रॉड बघा.

आणि इथेच निर्णय सोपा होतो, कारण हाच रॉड आमिषालाही चालतो. एकच सेट घ्यायचा असेल तर सहा-साडेसहा फुटाचा पीई ३-५ रॉड, ८००० साइजचं स्पिनिंग रील, पीई ४ ब्रेड तीनशे मीटर, आणि पुढे दीड-दोन मीटर ८०-१०० पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर. पाणी गढूळ किंवा ओढीचं असेल तर आमिष लावा, पाणी निवळलं आणि भांग असेल तर जिग. ड्रॅग सहा-सात किलोला आवळून ठेवा, आणि हे घरी वजनकाट्याला दोरी बांधून बघा, बोटीवर अंदाजाने नाही.

स्पिनिंग (रॉडच्या खाली लटकणारं रील) की ओव्हरहेड (रॉडच्या वर बसणारं, आडव्या चक्रीचं रील) हा वाद लोक फार ताणतात. ओव्हरहेडला ताकद जास्त, सरळ खाली सोडायला सोपं, आणि माशावर जोर लावताना हात कमी दुखतो. पण दोरी नीट पसरवून गुंडाळायची सवय लागते, आणि फेकायचं म्हटलं तर नवख्याचा गुंता ठरलेला. स्पिनिंग खडकावरही वापरता येतं. फक्त हेकरू आणि फक्त बोट एवढंच करणार असाल तर ओव्हरहेड घ्या, बाकी सगळ्यांना स्पिनिंग.

गळाबाबत मी सर्कल हुकच्या (टोक आत वळलेल्या गोल गळाच्या) बाजूने आहे, ८/० च्या आसपास. हेकरू आमिष घेऊन वळतो, आणि सर्कल हुक नेमका वळणाऱ्या माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, त्यामुळे छोटा मासा सोडायचा झाला तर जगतो. अट एकच, झटका द्यायचा नाही, दोरी ताठ ठेवून जोरात गुंडाळत सुटायचं. खडकावरची झटक्याची सवय सुटत नसेल तर सर्कल हुक रिकामा वर येत राहील, मग साधा जे हुक बरा.

रिगमध्ये दोनच ध्यानात ठेवा. शिसं गळाला चिकटून सरकतं तो नॉकर रिग आमिष तळाशी नैसर्गिक ठेवतो पण अडकतो जास्त. शिसं सगळ्यात खाली आणि गळ वर फाट्यावर, तो पॅटरनॉस्टर, खडकाळ जागेसाठी मी हाच सांगेन, आणि शिसं बांधायला २० पाउंडाचा कमजोर तंगूस वापरा म्हणजे अडकलं तर शिसंच जातं, मासा आणि बाकी रिग वाचतो. शिसं टेकल्यावर अर्धा-एक मीटर वर उचलून धरा. मासा आत घुसलाच तर वेड्यासारखं ओढत बसू नका, दोरी पूर्ण ढिली सोडा, काही मिनिटं थांबा, बऱ्याचदा तो स्वतः बाहेर सरकतो, दोरी हलली की एका दमात वर.

नांगर टाकायचा की वाहत जायचं हे तांडेलवर सोडा, पण त्याला आधीच सांगा की आमिष आहे की जिग. आमिषाला नांगर, खडकाच्या वरच्या अंगाला, म्हणजे आमिष करंटबरोबर खडकाकडे जातं. जिगला वाहती बोट. एकाच बोटीवर दोन्ही प्रकारचे लोक असले की दोघांचाही दिवस खराब होतो, म्हणून ग्रुप ठरवताना हे आधी बोलून घ्या. ट्रोलिंग आणि पॉपिंगचं नाव काढणारे भेटतील, हेकरूला आपल्याकडे त्यात वेळ घालवू नका.

कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे पण सामानाशीच जोडलेलं आहे. हेकरू आधी मादी असतो आणि मोठा होऊन नर होतो, वाढतोही सावकाश, म्हणजे एका खडकावरचे मोठे मोठे सगळे काढले तर तिथे नरच उरत नाहीत. माझ्या मते दीड-दोन किलोचा कालवणाला घ्या, त्याहून मोठा एखादाच, बाकी सोडा. जायंट ग्रुपर तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो लागला तर बोटीवर न घेता गळ कापून सोडायचा. २५-३० मीटरवरून वर आलेल्या माशाचं पोट फुगतं, जठर तोंडातून बाहेर येतं, तसाच सोडला तर तो तरंगत मरतो. ते जठर टोचू नका. अर्ध्या-एक किलोचं शिसं आणि उलटा बांधलेला बिनकाट्याचा गळ खालच्या जबड्यात अडकवून त्याला तळाकडे उतरवा आणि झटका द्या, सुटतो. हे घरीच बनवता येतं, लीडरच्या एका रोलपेक्षा स्वस्त. कल्ल्यात हात घालून उचलू नका, गालफडावर धारदार काटे असतात, हातजाळीने घ्या.

जायचं कधी तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा चढतो, लहान बोटीवर बसवत नाही. १ जूनपासून पावसाळी बंदी, तेव्हा बोट काढायचा विषयच नाही, नारळी पौर्णिमा झाल्यावरही पाणी निवळायला वेळ लागतो. मुंबई हायकडे जाऊ म्हणणारे भेटतील, तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो, तिथे जाणं बेकायदा आहे, तिकडे नेतो म्हणणारी बोट सरळ नाकारा. बुकिंग करताना लाइफजॅकेट किती, वायरलेस आहे का हे विचारा, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर फोनमध्ये घालून ठेवा, आणि तारीख ठरवताना सुट्टीच्या आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेचा रविवार सोडून अष्टमीचा शनिवार मिळाला तर तोच घ्या.