काजूचा दर एकच, फाइली तीन: पायथनमध्ये सामायिक व्हेरिएबल कुठे ठेवावा?

गोव्यातल्या वाळपईच्या एका ओळखीच्या काजू खरेदीदाराला मी हिशेबाचा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. एका फाइलीत 'खरेदी' क्लास, दुसरीत 'पावती' क्लास आणि दोघांना लागणारा बियांचा दर 'दुकान' नावाच्या तिसऱ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तिसऱ्या फाइलीत. हंगामात एकदा दुपारी दर बदलला. खरेदीने नवा घेतला, पावती मात्र सकाळच्याच भावाने छापत राहिली.

चूक माझीच. पावतीच्या फाइलीत मी 'फ्रॉम दुकान इम्पोर्ट दर' लिहिलं होतं. म्हणजे पाटीवरचा भाव सकाळी तळहातावर उतरवून घेतला. पाटी पुसून नवा आकडा लिहिला तरी हातावर जुनाच. त्याऐवजी 'इम्पोर्ट दुकान' करून दर वेळी 'दुकान डॉट दर' वाचलं, की नजर थेट पाटीवर जाते. एका प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्राममध्ये, मॉड्यूल एकदाच लोड होतं, पुढचे इम्पोर्ट तेच हाती देतात, म्हणून पाटी एकच राहते. गंमत अशी, की दराऐवजी यादी असती तर अपेंड केलेलं दोन्हीकडे दिसलं असतं, आणि आपल्याला वाटलं असतं सगळं ठीक आहे. नवी यादी नेमली की पुन्हा ताटातूट. 'ग्लोबल' हा शब्दही इथे कामाचा नाही, त्याची हद्द आपल्याच फाइलीपुरती.

दर एखाद्या क्लासचा अ‍ॅट्रिब्यूट करूनही चालतं. फक्त 'सेल्फ डॉट दर' ला किंमत दिलीत, की त्या ऑब्जेक्टचा वेगळाच दर तयार होतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे दराचा ऑब्जेक्ट बनवून दोन्ही क्लासच्या इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हाती देणं. टायपिंग जास्त, हे खरं. पण उद्या साखळी गावात दुसरं दुकान निघालं आणि तिथला दर वेगळा असला, तर मॉड्यूलची एकुलती पाटी अडते. इथे दोन ऑब्जेक्ट केले की झालं. टेस्टसाठी खोटा दरही देता येतो.

मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोसेस, वापरणार असाल तर तिन्ही तऱ्हा लंगड्या, कारण प्रत्येक प्रोसेसची स्मृती वेगळी. तिथे दर डेटाबेसमध्येच ठेवा.

एक दुकान, एक प्रोसेस असेल तर मी डॉटवालं मॉड्यूलच घेईन. मात्र 'दुकान'मधून 'खरेदी' किंवा 'पावती' इम्पोर्ट करू नका, नाहीतर फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत बसतात, म्हणजे सर्क्युलर इम्पोर्टचा गुंता. वाळपईत मी तेवढंच केलं. साखळीच्या दुकानाचं नक्की झालं, की इनिटला हात घालीन.