इंजेक्टरचा कोड सारखा येतोय: वायरिंग, रिपेअर की नवा?

मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादकडे निघालेली गाडी नळदुर्गच्या अलीकडे खडखडायला लागते. पिकअप जातो, चेक लाइट लागतो. स्कॅनर लावला की इंजेक्टरचा तोच कोड, जो दहा दिवसांपूर्वी पुसला होता. आता मालकापुढे तीन रस्ते: वायरिंग बघायचं, आहे तो इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) डिझेल लॅबमध्ये रिपेअर करायचा, नाहीतर नवा टाकायचा. माझी गाडी २०१७ ची, बीएस-४, सहा सिलिंडर. मी सुरुवात नव्या इंजेक्टरपासून केली आणि शेवटी वायरिंगवर आलो. त्या उलट्या क्रमात पैसा गेला आणि भाडंही गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी कोड पुरता वाचा. ट्रकच्या स्कॅनरवर बहुतेक वेळा दोन आकडे येतात, एसपीएन (कुठला भाग) आणि एफएमआय (त्यात बिघाड कसला). एसपीएन ६५१ ते ६५६ म्हणजे पहिला ते सहावा इंजेक्टर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण निर्णय ठरतो तो एफएमआयवर, आणि गॅरेजच्या चिठ्ठीवर तोच लिहिलेला नसतो. ५ आला तर सर्किट तुटलंय किंवा करंट कमी जातोय. ६ आला तर करंट जास्त जातोय, तार कुठेतरी बॉडीला लागत असेल. ७ म्हणजे तो भाग यांत्रिक अंगाने नीट चालत नाही. पी नंबर दाखवणारा स्कॅनर असेल तर पी०२०१ ते पी०२०६ हे सर्किटचे कोड. पी०२६३, पी०२६६ या जातीचे कोड म्हणजे ते सिलिंडर बाकीच्यांइतकी ताकद देत नाही. सर्किटचा कोड असेल तर तार, कपलर (तारांचा जोड) किंवा इंजेक्टरची कॉइल बघायची. ताकदीचा कोड असेल तर इंजेक्टरच्या आतला भाग, नाहीतर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन.

माझ्या गाडीला ६५३ आणि ५ येत होता. तिसरा इंजेक्टर, सर्किट ओपन. गॅरेजमध्ये तिसरा नवा टाकला. कोड गेला, बारा दिवसांनी परत आला. दुसऱ्या खेपेला टॅपिट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) काढल्यावर मी स्वतः वाकून आतली हार्नेस, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या तारांची जुडी, बघितली. गरम ऑइलमध्ये वर्षानुवर्षं भाजून तारेवरचं प्लास्टिक इतकं कडक झालं होतं, की नखाने दाबलं तर खापरीसारखं तुटत होतं. तिसऱ्याच्या टर्मिनलपाशी तार जिथे वळते, तिथे तांब्याचे दोनच धागे शाबूत होते. इंजिन गार असताना टोकं एकमेकांना टेकलेली असायची, इंजिन तापून हादरे बसले की सुटायची. इंजेक्टर बदलताना ती तार हलली, जरा बरी टेकली, म्हणून बारा दिवस निभावले. काढलेला जुना इंजेक्टर नंतर लॅबमध्ये तपासला, तो चांगला निघाला.

ही चूक टाळायला अदलाबदल पुरे असते. तिसरा इंजेक्टर पाचव्याच्या जागी घाला, पाचवा तिसऱ्याच्या. कोड पाचव्यावर गेला तर दोष इंजेक्टरचा. तिसऱ्यावरच राहिला तर तार किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर). ज्या इंजेक्टरवर करेक्शन कोड (त्या इंजेक्टरचा स्वतःचा दुरुस्ती-आकडा) छापलेला असतो, तिथे अदलाबदल केल्यावर तो ईसीएममध्येही बदलावा लागतो, आणि दोन्हीकडचे कॉपर वॉशर नवे घालायचे. मीटरने तपासताना एक ध्यानात घ्या: सोलेनॉइडचा, म्हणजे इंजेक्टरच्या कॉइलचा, रोध एक ओहमच्याही खाली असतो. साध्या मीटरच्या वायरींचाच तेवढा भरतो. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करा आणि सहाही इंजेक्टर एकमेकांशी ताडून बघा. एकटा वेगळा निघाला तर कॉइल गेली समजा. बॉडीला मात्र कुठलंच टर्मिनल लागता कामा नये.

जुन्या पंपाच्या गाड्यांवर चालू इंजिनात पाइपचा नट सैल करून सिलिंडर तपासायची सवय आपल्याकडे अजून आहे. कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल जातं तिथे) ते करू नका, पोराटोरांनाही करू देऊ नका. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब चढतो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. कपलरही चालू इंजिनवर काढू नका. गाडी २४ व्होल्टची असली तरी इंजेक्टर उघडायला ईसीएम त्याहून बराच जास्त व्होल्टेज सोडतो.

आता दोष इंजेक्टरचाच निघाला, तर रिपेअर की नवा? कॉइल चांगली आहे आणि नोझल किंवा व्हॉल्व्ह झिजलाय, तर मी रिपेअर करेन, पण सहाही इंजेक्टर लॅबच्या तपासणी बेंचवर लावून. कारण बाकीचे पाचही त्याच डिझेलवर तेवढेच किलोमीटर पळालेत. फुल लोड, आयडल, प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) आणि रिटर्न (परत जाणारं डिझेल), चारही आकडे कागदावर मागा, रिपेअरच्या आधीचे आणि नंतरचे. एक-दोनच इंजेक्टर मर्यादेबाहेर असतील तर रिपेअर परवडते. चार-पाच बाहेर असतील, किंवा बॉडीतली सीटच कचऱ्याने खाल्ली असेल, तर रिपेअर टिकत नाही. तिथे कंपनी एक्स्चेंजचा सेट (जुने देऊन कंपनीने दुरुस्त केलेले घ्यायचे) बरा पडतो, आणि ज्याला गाडी अजून चार-पाच वर्षं हैदराबाद रूटवर पळवायचीय त्याला नवा सेट. गाडी वर्षभरात विकायची असेल तर नव्या सेटचे पैसे गाडीच्या भावात परत येत नाहीत.

ईसीएम सगळ्यात शेवटी. तीन इंजेक्टर एकदम बंद पडले म्हणून ईसीएम गेला असं लगेच मानू नका. बऱ्याच ईसीएममध्ये तीन-तीन इंजेक्टरचा एक गट असतो, त्यातली एक तार बॉडीला लागली तरी तिघंही बंद होतात.

टाकी मात्र सगळ्याच्या आधी बघा. उसाचा हंगाम संपल्यावर आपल्या भागातल्या कितीतरी गाड्या अर्ध्या टाकीवर महिनोनमहिने उभ्या राहतात, वरच्या मोकळ्या जागेत ओल धरते आणि ते पाणी तळाशी साचतं. वॉटर सेपरेटरचा नट सोडून पाणी काढा. फिल्टरच्या वाटीत चांदीसारखी चमकणारी पूड दिसली, तर हाय प्रेशर पंप झिजतोय. पंप, रेल, पाइप आणि टाकी साफ न करता त्यावर नवे इंजेक्टर टाकलेत, तर ती पूड थोड्याच दिवसांत नव्यांच्याही पोटात जाईल.

काम कुठलंही करा, ट्रायल भरलेल्या गाडीवर घ्या. रिकामी गाडी काहीच दाखवत नाही. मोहोळपर्यंत जाऊन या, इंजिन पुरतं तापू द्या, आणि परत आल्यावर लाइट लागला नसला तरी पेंडिंग कोड वाचून मगच उरलेले पैसे द्या.