नागपूरच्या बर्डीवरचं स्टेशनरीचं दुकान: साडेतीन स्टार

नाव लिहीत नाही, तक्रारही आहे म्हणून. आर्किटेक्चरच्या सिनिअरनं दिलेली ड्रॉइंगच्या सामानाची लांबलचक यादी घेऊन गेले, तर काकांनी अर्धी खोडलीच. "एवढ्या पेन्सिली काऊन पाहिजे तुले? टूएच, एचबी, टूबी घे. पैसे ड्राफ्टरमध्ये टाक." (ड्राफ्टर म्हणजे बोर्डावर सरळ, समांतर रेषा मारायचं साधन.) खरं निघालं. टूएचनं हलक्या रेषा, एचबीनं पक्क्या. मैत्रिणीच्या डब्यातल्या बाकीच्या अजून कोऱ्या आहेत.

ए-१ शीट म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. ती स्कूटीवर न्यायला काकांनी जुनी प्लास्टिकची नळी फुकट दिली. जुलैच्या पावसात तिनंच माझे दोन प्लॅन वाचवले. (आई अजून तिला पाइप म्हणते.)

आता तक्रार. सनबोर्डची, म्हणजे मॉडेलसाठीच्या हलक्या फोम बोर्डाची, एक शीट बाकदार निघाली. १:५० च्या मॉडेलची भिंत रात्री दोनला आडवी झाली. दुसऱ्या दिवशी बदलून मागितली तर, "कापलेला माल वापस नाही होत." कापल्याशिवाय वाकडेपणा कळणार कसा? तेव्हापासून शीट काउंटरवर सपाट ठेवून बघते. तुम्हीही बघा.

आणि दुकान नऊला बंद. आमच्या सबमिशनला खरी सुरुवात अकरानंतर होते.