एमिली डिकिन्सनची पत्रं: मी मात्र हेलनच्या बाजूची

हा ग्रंथ झोपून वाचता येत नाही, टेबल लागतंच, हे आधी सांगते. क्रिस्टॅन मिलर आणि डॉमनल मिचेल यांनी संपादित केलेली, एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची समग्र पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने २०२४ मध्ये काढली. एकूण १३०४ पत्रं. याआधीची मोठी आवृत्ती १९५८ची, तीन खंडांतली.

अडचण अशी, की एमिलीला आलेली बहुतेक पत्रं तिच्या मृत्यूनंतर बहिणीने जाळली. त्यामुळे आपल्या हाती बरेचदा एकाच बाजूचं बोलणं येतं. एप्रिल १८६२ मध्ये तिने लेखक-समीक्षक थॉमस हिगिन्सनला चार कविता पाठवून ‘माझी कविता जिवंत आहे का’ असं विचारलं. पत्रावर सही नाही. नाव वेगळ्या छोट्या पाकिटातल्या कार्डावर. त्याचं उत्तर वाचायला मिळत नाही. पुढच्या पत्रात ती ‘शस्त्रक्रियेबद्दल आभार’ मानते, त्यावरून त्याने कात्री कुठवर चालवली असेल ते ताडत बसायचं. टिपा मदत करतात, पण पलीकडचा आवाज त्या कुठून आणणार?

म्हणूनच हेलन हंट जॅक्सनची पत्रं आली की मी सावरून बसते. दोघी कवयित्री, दोघींचा जन्म अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट गावचा, १८३०चाच. हेलनची काही पत्रं जळण्यापासून वाचली आहेत. १८७५ मध्ये हेलनने दुसरं लग्न केलं, तेव्हा एमिलीने शुभेच्छा म्हणून चार गूढ ओळी धाडल्या. हेलनने अर्थ विचारत कागद परत पाठवला, वर बजावलं की हा माझा आहे, मला परत हवा. तो आला नाही, तेव्हा पुढच्या पत्रात तिने त्याचीही आठवण करून दिली. त्याच पत्रात ती लिहिते, तुम्ही थोर कवी आहात आणि मोठ्याने गात नाही (म्हणजे कविता छापू देत नाही) हा तुमच्या काळावर अन्याय आहे. असं तोंडावर सुनावणारं माणूस एमिलीच्या पत्रव्यवहारात विरळाच.

निनावी कवितांच्या एका संग्रहासाठी हेलनने तगादा लावला, तर एमिलीने हिगिन्सनकडे नकाराची चिठ्ठी मागितली: मी लायक नाही असं तुम्हीच लिहून द्या! गंमत म्हणजे त्याला वाटलं, प्रश्न कथा लिहिण्याचा आहे. अखेर १८७८ मध्ये एमिलीची यशावरची कविता त्या संग्रहात आलीच, आणि लोकांनी ती प्रसिद्ध अमेरिकन लेखक इमर्सनच्या नावावर खपवली. हे खुद्द प्रकाशक नाइल्सनेच तिला कळवलं.

१८८४ मध्ये हेलन पुन्हा लिहिते, मी तुमच्यामागे उरले तर तुमच्या कवितांची जबाबदारी माझ्याकडे द्या. पुढच्याच ऑगस्टमध्ये हेलन गेली. एमिली मे १८८६ मध्ये.

मांडणी कालक्रमाने आहे, त्यामुळे या दोघींचा धागा शोधताना मध्ये नातेवाईक, शेजारी, आजारपणं येत राहतात. मी खुणेच्या चिठ्ठ्या लावून टाकल्या. पाचपैकी चार तारे. कवितांसाठीच घेणार असाल तर थांबा, त्यांचे स्वतंत्र संग्रह आहेत. पत्रांसाठी घेत असाल तर पहिल्या पानापासून न लागता १८७५ उघडा.