न्यू पॅलेस बघायला जाताय? आधी बाहेरून एक चक्कर मारा

परवा मामांना घेऊन पुन्हा न्यू पॅलेसला गेलो. मामा गवंडीकाम करतात, आयुष्य गेलं त्यात, पण कोल्हापुरात राहून पॅलेस निवांत असा कधी बघितलाच नव्हता. मागे एकदा एका टूरवाल्याबरोबर आलेले तर त्यानं वीस मिनिटात उरकून सगळ्यांना गाडीत बसवलं.

यावेळी आम्ही आत जायची घाईच केली नाही. तिकीट काढायच्या आधी समोर नुसतं उभं राहून बघत बसलो. काळ्या दगडाची अष्टकोनी इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा, कमानी, घुमट, आणि कुठं गुजरात-राजस्थानची आठवण येते, कुठं देवळाची, कुठं आपल्या राजवाड्याची, पण ठिगळ लावल्यासारखं काहीच वाटत नाही. 1877 ला काम सुरू झालं, 1884 ला पुरं झालं. आराखडा मेजर चार्ल्स मॅंटचा, बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस पण त्याच माणसाच्या डोक्यातला. तो 1881 लाच गेला, म्हणजे हा पुरा झालेला वाडा त्यानं बघितलाच नाही, हे मला दरवेळी तिथं उभं राहिलं की आठवतं आणि खरंच वाईट वाटतं.

मामा कमानीखाली बराच वेळ मान वर करून उभे. म्हणाले, "दगड चौकोनी फोडणं येगळं आणि त्यातनं असली नक्षी काढणं येगळं. एक टवका जादा उडाला की दगड वाया." मशीन नसताना हे हातानं केलंय, ते त्यांच्याकडून ऐकल्यावर मला पण ती नक्षी नव्यानं दिसायला लागली.

आतलं म्युझियम तर भारीच आहे, हत्यारं, शिकारीचे भुसा भरलेले प्राणी, शाहू महाराजांच्या आठवणी. पोरं वाघाजवळनं हलत नाहीत. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दरबार हॉल, दोन मजली उंच, कोरीव खांब, आणि काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत. उन्हाच्या वेळी जावा, काचेतले रंग पेटल्यागत दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळं मोबाईल खिशात ठेवून डोळ्यांनीच बघायचं, मला तर ते बरंच वाटलं. आणि छत्रपतींचं घराणं अजून इथंच राहतंय, तेव्हा आवाज जरा कमी ठेवा.

निदान दोन तास काढून जावा. सीपीआर हॉस्पिटलसमोरचा टाऊन हॉल पण मॅंटचाच, 1872 ते 76 मधला, हे सांगितलं तर मामांनी तिथंच विचारलं, "मग आत्ताच जाऊया की?"